गाडीवर झाड पडलं आणि विमा अपुरा: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

गाडीवर झाड पडलं की पहिली धडपड असते ती फांद्या बाजूला करण्याची. चार लोक जमतात, कुणी करवत आणतं, कुणी दोरी, आणि तासाभरात गाडी मोकळी होते. दुसऱ्या दिवशी ती गॅरेजला जाते, तिसऱ्या दिवशी काम सुरू होतं आणि विम्याचे कागद बाहेर निघतात ते बिल हातात आल्यावर. तेव्हा कळतं की पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची आहे, म्हणजे ती दुसऱ्याचं नुकसान भरते, तुमच्या गाडीचं नाही. ज्याच्या आवारातलं झाड होतं त्याच्याकडे भरपाई मागावी म्हटलं, तर झाड कुजलेलं होतं हे दाखवायला खोडाची ढलपीही उरलेली नसते.

यातलं कोणतंही काम चुकीचं नाही, त्यांचा क्रम चुकलेला असतो. पूर्ण विमा असेल तर हा गोंधळ कंपनी बऱ्यापैकी सावरून घेते. विमा तोकडा असेल तर एकेका उलट्या पावलाचे पैसे तुमच्या खिशातून जातात. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या.

## टप्पा १: गाडीजवळ जाण्याआधी

आधी वर बघा. झाड पडताना विजेची तार तुटली असेल किंवा फांद्यांत अडकली असेल, तर किमान १० मीटर लांब थांबा आणि वीज कंपनीला कळवा. तारेतून ठिणग्या येत नाहीत म्हणून ती मेलेली आहे असं समजू नका. ओली फांदी, ओली जमीन आणि गाडीचा पत्रा, तिन्हींतून वीज वाहते.

गाडीत कुणी असेल आणि तार गाडीला टेकलेली असेल, तर त्याने आतच बसून राहायचं. आग लागली तरच बाहेर पडायचं, तेही दोन्ही पाय जुळवून उडी मारून. एक पाय जमिनीवर आणि हात दारावर, ही स्थिती जिवावर बेतते. उडी मारल्यावर पाय जमिनीवरून न उचलता, घासत घासत लांब जायचं.

तार नसेल तर पुढच्या गोष्टी पाहा: पेट्रोल-डिझेलचा वास येतोय का, गाडीखाली काही गळतंय का, वर आणखी मोडकी फांदी लटकलेली आहे का. गाडी इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असेल आणि पत्रा आतपर्यंत दबला असेल, तर नारिंगी रंगाच्या जाड केबलना हात लावू नका. त्यांच्यातून उच्च दाबाची वीज जाते.

इशारा: लाकडाच्या वजनाचा अंदाज नजरेने घेऊ नका. ओल्या लाकडाचं वजन साधारण पाण्याच्या आसपास असतं. म्हणजे ४० सेंटिमीटर जाडीच्या खोडाचा फक्त एक मीटर लांब तुकडा १०० किलोच्या वर जाऊ शकतो. टपावर वाकून अडकलेली फांदी कापली की ताण सुटतो आणि ती उसळते. घरच्या करवतीने हे काम करणाऱ्यांना गंभीर इजा होते ती याच क्षणी.

## टप्पा २: फांदी हलवण्याआधी फोटो

फोटो सगळेच काढतात, पण ते जवळून काढतात. पोचा दिसतो, फुटलेली काच दिसते. झाड कुठलं, कुठून आलं आणि गाडी कुठे उभी होती, हे मात्र त्यात कुठेच नसतं. नेमका तोच पुरावा पुढे लागतो.

लांबून जवळ या. आधी पूर्ण दृश्य: झाडाचं बूड, खोड, गाडी आणि आजूबाजूची ओळखू येणारी एखादी खूण, म्हणजे फाटक, पाटी किंवा इमारतीचा क्रमांक, एकाच चौकटीत. मग गाडीच्या चारही बाजू, नंबरप्लेटसह. मग खोड पत्र्याला जिथे टेकलंय ती जागा. मग आतून टपाचं अस्तर, सीट, काचांचे तुकडे, आणि चालू होत असेल तर डॅशबोर्डवरचे दिवे आणि किलोमीटरचा आकडा.

शेवटी एक सलग व्हिडिओ घ्या. झाडाच्या बुडापासून चालायला सुरुवात करून गाडीभोवती पूर्ण फेरी, मध्ये न थांबवता. सुट्या फोटोंवर "हे दुसऱ्या झाडाचं असेल" अशी शंका घेता येते, सलग व्हिडिओवर घेणं अवघड जातं.

गाडी नियमाप्रमाणे उभी होती हेही दिसू द्या. पार्किंगचे पट्टे, फलक, कडेपासूनचं अंतर. "तुम्हीच चुकीच्या जागी लावली होती" हे उत्तर हमखास येतं.

तपासा: मूळ फाइल फोनमधून काढू नका आणि तिच्यावर काही खुणा करू नका. मेसेजिंग ॲपवरून पाठवलेल्या प्रतीत वेळ आणि जागेची नोंद बहुतेकदा उडून जाते. मूळ फाइलची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा, इतरांना प्रती पाठवा.

## टप्पा ३: झाड का पडलं, ते बघून ठेवा

विमा अपुरा असलेल्या माणसासाठी या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत मोलाचा अर्धा तास हाच, आणि जवळजवळ सगळे तो वगळतात. सगळ्यांचं लक्ष गाडीकडे असतं. गाडी कुठे पळून जात नाही. झाड मात्र काही तासांत तुकडे होऊन ट्रकमध्ये भरलं जातं.

याचं महत्त्व असं. निरोगी झाड वादळात उन्मळून पडलं, तर त्याच्या मालकाला जबाबदार धरणं बहुतेक ठिकाणी कठीण असतं, कारण ते टाळणं त्याच्या हातात नव्हतं. पण झाड आधीपासून धोकादायक होतं, ते मालकाला माहीत होतं किंवा साध्या नजरेने लक्षात यायला हवं होतं, आणि तरी त्याने काही केलं नाही, हे दाखवता आलं तर चित्र बदलतं. तो निष्काळजीपणा ठरतो.

म्हणून जिथे खोड मोडलंय तिथे जाऊन नीट पाहा. ताजं, निरोगी लाकूड मोडलं की लांब, तंतूदार, फिक्या रंगाच्या चिरफळ्या निघतात. कुजलेलं लाकूड मोडतं तेव्हा तो भाग आखूड आणि बोथट दिसतो. गाभ्यात तपकिरी, बोटाने चुरगाळला जाईल असा भुगा असतो आणि बाहेर जेमतेम काही बोटांची चांगल्या लाकडाची कड उरलेली असते. अशा झाडाला वर हिरवी पानं असू शकतात, कारण पाणी बाहेरच्या थरांतून वर जातं आणि गाभा पोकळ झाला तरी पालवी फुटत राहते. "झाड तर हिरवंगार होतं" हा युक्तिवाद यामुळे लंगडा पडतो. तुमच्याकडे मोडलेल्या जागेचा फोटो मात्र हवा.

आणखी काय टिपायचं: बुडाशी किंवा खोडावर उगवलेल्या, फळीसारख्या बाहेर आलेल्या बुरशीच्या थाळ्या, वाळवीची माती, जुने तडे, ज्यांच्या आतल्या कडा काळवंडलेल्या असतात, आणि मुळं. झाड मुळासकट उपटलं असेल तर मुळांची टोकं पाहा. ओढली जाऊन तुटलेली मुळं फाटलेली दिसतात. सरळ, सपाट कापलेली मुळं दिसली तर जवळपास चर खोदला गेला होता का, पदपथाचं काम झालं होतं का, याची चौकशी करा. काँक्रीट थेट खोडापर्यंत आणलेलं असेल तर त्याचाही फोटो घ्या. प्रत्येक फोटोत मापासाठी पट्टी किंवा निदान पेन ठेवा.

शक्य असेल तर मोडलेल्या जागेची एक चकती किंवा मोठा तुकडा झाड कापणाऱ्यांकडून मागून घ्या. कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बांधलं तर बुरशी वाढते आणि पुरावा बिघडतो.

आजूबाजूला विचारा: या झाडाबद्दल आधी कुणी तक्रार केली होती का? केली असेल तर अर्जाची पोच, ईमेल, रहिवाशांच्या गटातला मेसेज, जे असेल त्याची प्रत घ्या. मालकाला धोका माहीत होता हे सिद्ध करायला एका जुन्या तक्रारीची प्रत दहा साक्षीदारांपेक्षा जास्त उपयोगी पडते. त्या दिवशीच्या वाऱ्या-पावसाची हवामान खात्याची नोंदही जपून ठेवा. वारा साधाच होता असं निघालं तर "नैसर्गिक आपत्ती" म्हणून हात झटकणं सोपं राहत नाही.

## टप्पा ४: झाड उतरवणं

पोलीस, अग्निशमन दल किंवा स्थानिक प्रशासन, ज्यांच्याकडे जिथे ही जबाबदारी असेल त्यांना कळवा आणि घटनेची लेखी नोंद मागा. तारीख, वेळ, जागा, गाडीचा क्रमांक आणि "झाड पडून नुकसान" एवढं त्यात आलं तरी पुरे. ही नोंद नंतर मिळवणं जिकिरीचं होतं. परवानगीशिवाय झाड कापणं काही ठिकाणी गुन्हा ठरतो, त्यामुळे पडलेल्या झाडालाही हात लावण्याआधी विचारून घ्या.

लाकूड उतरवताना दोन गोष्टींवर अडून राहा. पहिली: खोड टपावरून ओढायचं नाही, तुकडे करून उचलायचं. पोच्यापर्यंत मर्यादित असलेलं नुकसान ओढण्यामुळे पत्रा फाटण्यापर्यंत जातं. दुसरी: कापण्याआधी आणि उतरवल्यावर, दोन्ही वेळचे फोटो. उतरवताना नवीन नुकसान झालंच, तर ते कुणाकडून झालं हे त्यावरून कळतं.

गाडी लगेच चालू करू नका. टपावर आलेला भार पिलरमधून, म्हणजे टप पेलणाऱ्या उभ्या खांबांतून, आणि सस्पेन्शनमधून खाली उतरलेला असतो. बॉनेटवर खोड पडलं असेल तर रेडिएटर फुटलेला असू शकतो, आणि अशा वेळी इंजिन चालू केलं तर डेंटिंगच्या खर्चात इंजिनाच्या खर्चाची भर पडते. पुढची काच तडकली असेल किंवा टप डोक्याच्या उंचीवर दबला असेल, तर गाडी चालवत नेऊ नका, उचलून न्या.

## टप्पा ५: पहिले दोन दिवस, नुकसान वाढू न देणं

विमा असो वा नसो, नुकसान वाढू नये याची काळजी घेणं ही गाडीमालकाचीच जबाबदारी मानली जाते. गाडी आठवडाभर उघडी ठेवली आणि आत पाणी साचलं, तर त्या पाण्याचे पैसे विमा कंपनीही देत नाही आणि झाडाचा मालकही नाही.

काचा काढताना जाड हातमोजे घाला. पुढची काच दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली असते, ती तडकली तरी एकत्र राहते. बाजूच्या बहुतेक काचांचे बारीक दाणे होतात आणि ते सीटच्या फटीत, बेल्टच्या रिळात, दाराच्या आत जाऊन बसतात. दाराच्या आतले दाणे साफ न करता नवी काच बसवली तर ती खाली-वर होताना ओरखडे पडतात.

मग झाकण. पाऊस येत असेल तर जाड प्लॅस्टिक लावा, पण चिकटपट्टी तडकलेल्या रंगावर लावू नका, काढताना रंगाचे पापुद्रे निघतील. प्लॅस्टिक सैल सोडू नका. वाऱ्याने फडफडणारं प्लॅस्टिक धुळीसह घासलं गेलं की चांगल्या रंगावर चरे उठतात. आणि आत ओल असताना गाडी घट्ट बंद करून ठेवू नका. दोन दिवसांत बुरशी धरते, तो वास नंतर जात नाही आणि गाडीची किंमत पाडतो.

गालिचा उचलून खालचा फोम दाबून पाहा. वरून कोरडा असला तरी खाली पाणी असतं, आणि बऱ्याच गाड्यांत वायरिंगचे सांधे, काही वेळा कंट्रोल युनिटही सीटखाली किंवा गालिच्याखाली असतं. पाणी दिसलं तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा.

झाडाचा चीक आणि माती कोरड्या फडक्याने पुसू नका. भरपूर पाण्याने आधी धूळ वाहून जाऊ द्या. मात्र धुणं हे फोटो पूर्ण झाल्यावरच.

तपासा: ताडपत्री, टोइंग, काच साफ करणं, जे काही पैसे द्याल त्याची पावती घ्या. हा खर्च भरपाईत मागता येतो, पावतीशिवाय नाही.

## टप्पा ६: पॉलिसी शब्दशः वाचा

"माझा फक्त थर्ड पार्टी आहे" असं म्हणून कागद न उघडणारे पुष्कळ भेटतात. उघडा. तीन शक्यता आहेत.

विमा खरोखर फक्त थर्ड पार्टीचा असेल, तर तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान तो भरतो. तुमच्या गाडीवर पडलेल्या झाडाशी त्याचा संबंध नाही. इथे एजंट काही "जमवून देतो" म्हणाला तर तिथून उठा. झाड पडल्यावर मोठी पॉलिसी काढून मागची तारीख दाखवणं किंवा घटना वेगळी सांगणं ही फसवणूक आहे. तुमच्याच फोटोंतल्या वेळेवरून ती उघडी पडते.

विमा मधला असेल, म्हणजे थर्ड पार्टीसोबत आग आणि चोरी, तर पडलेलं झाड त्यात सहसा येत नाही. आग लागली असेल तरच विचारून पाहा.

विमा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही असेल पण तोकडा असेल, तर चार आकडे शोधून कागदावर लिहा: गाडीची विम्यातली किंमत, क्लेममधला तुमचा स्वतःचा ठरलेला वाटा, सुट्या भागांवरचा घसारा, म्हणजे भाग जुना झाल्यामुळे कापली जाणारी रक्कम, आणि क्लेम घेतल्यावर जाणारी नो क्लेम सवलत, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर घसारा बहुधा जास्त कापला जातो, त्यामुळे बंपर, लॅम्प, मोल्डिंग यांचं नुकसान मोठं असेल तर हातात येणारी रक्कम बिलापेक्षा बरीच कमी निघते. ही वजाबाकी आधी करा. छोटा पोचा असेल तर क्लेम न घेणं परवडतं, कारण सवलत एका वर्षाची नाही, पुढच्या अनेक वर्षांची जाते.

कर्जावर घेतलेली गाडी असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेकडेही पॉलिसीची प्रत असते, ती मागवून ताडून पाहा. आणि गाडीत लॅपटॉप, अवजारं अशा वस्तू होत्या का? गाडीचा विमा त्या सहसा भरत नाही, पण घरातल्या सामानाचा विमा असेल तर त्यात काही वेळा बाहेर नेलेल्या वस्तूही येतात.

इशारा: स्वतःच्या नुकसानीचा क्लेम घ्यायचा असेल तर सर्व्हेअरने, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्या माणसाने, पाहण्याआधी गाडी उघडू देऊ नका. गॅरेजवाल्याने उत्साहाने टपाचं अस्तर काढून ठेवलं, तर कोणतं नुकसान झाडाचं आणि कोणतं आधीचं यावर वाद सुरू होतो.

## टप्पा ७: ज्याची जबाबदारी, त्याच्याकडे लेखी मागणी

झाड कुणाचं हे बुडावरून ठरतं, फांद्या कुठे झुकल्या होत्या यावरून सहसा नाही. बूड खाजगी आवारात असेल तर तो मालक किंवा त्या आवाराची संस्था, रस्त्याकडेला असेल तर बहुतेकदा स्थानिक प्रशासन. झाड छाटण्याचं काम चालू असताना पडलं असेल तर काम करणारा ठेकेदार, आणि त्याच्याकडे अशा नुकसानीसाठी विमा आहे का हे पहिल्याच दिवशी विचारा. पैसे भरून गाडी लावलेली असेल तर पार्किंग चालवणाऱ्याच्या अटीही वाचा.

तोंडी बोलणी करू नका, निदान फक्त तोंडी नको. शेजारी "बघू या, देऊ काहीतरी" म्हणतो, सहा महिने जातात. सरकारी संस्थांविरुद्ध मागणी करायची मुदत अनेक ठिकाणी खासगी माणसापेक्षा बरीच कमी असते, आणि आधी लेखी नोटीस देण्याची अटही असते. म्हणून पहिल्या आठवड्यातच मुदत विचारून कॅलेंडरवर टाका.

पत्र लहान ठेवा. राग त्यात नको, माहिती हवी. असं लिहिता येईल:

"दिनांक ___ रोजी सुमारे ___ वाजता आपल्या आवारातील/ताब्यातील ___ या ठिकाणचे झाड माझ्या ___ क्रमांकाच्या गाडीवर पडून नुकसान झाले. गाडी नियमानुसार उभी होती. झाडाचा गाभा कुजलेला असल्याचे सोबतच्या छायाचित्र क्र. ___ ते ___ मध्ये दिसते. या झाडाबाबत दिनांक ___ रोजी तक्रार देण्यात आली होती, तिची प्रत जोडली आहे. दुरुस्तीचा अंदाजे खर्च ___ असून दोन अंदाजपत्रके जोडली आहेत. गाडी उघडल्यावर आढळणाऱ्या नुकसानीची मागणी करण्याचा हक्क मी राखून ठेवत आहे. आपला या प्रकारासाठी विमा असल्यास त्याचा तपशील द्यावा आणि ___ दिवसांत लेखी उत्तर द्यावे."

जे तुमच्याकडे नाही ते वाक्य गाळा. तक्रार झालेली नसताना "वारंवार तक्रारी होऊनही" असं लिहिलं की पत्रातला बाकीचा खरा मजकूरही संशयात येतो. विम्याबद्दलचं शेवटचं वाक्य मात्र गाळू नका. अनेक मालक केवळ स्वतःच्या खिशातून जाईल या भीतीने नकार देतात. विमा आहे हे आठवलं की तोच माणूस सहकार्य करतो.

पत्र पोच मिळेल अशा पद्धतीने पाठवा. अर्धी रक्कम देऊ केली तर घेण्याआधी पावतीवरची भाषा वाचा. "पूर्ण व अंतिम" असं लिहिलं असेल आणि तुम्ही सही केलीत, तर नंतर निघालेल्या नुकसानीचा दरवाजा बंद होतो.

प्रामाणिकपणे सांगायचं तर झाड निरोगी असेल आणि वादळ मोठं असेल, तर या टप्प्यातून फारसं काही निघत नाही. एक पत्र पाठवा, उत्तराची वाट पाहा, पण दुरुस्तीचा निर्णय त्याच्या भरवशावर अडवून ठेवू नका.

## टप्पा ८: खरं नुकसान किती, ते शोधणं

दोन वेगळ्या ठिकाणांहून लेखी एस्टिमेट घ्या, त्यातलं एक तरी अशा ठिकाणचं जिथे बॉडीचं मोठं काम होतं. भाग, मजुरी आणि रंग वेगवेगळे लिहून मागा. "टपाचं काम, एकरकमी" अशा एका ओळीच्या एस्टिमेटवर भांडता येत नाही आणि तुलनाही करता येत नाही.

जाण्याआधी स्वतः एवढं पाहा. चारही दारं उघडून बंद करा, घासतात का, सहज लागतात का. दार आणि चौकटीमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का. पुढच्या काचेच्या एका कोपऱ्यापासून तिरप्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. दोन मापांत ठळक फरक असेल तर चौकट वाकलेली आहे. दारावरची आडवी पट्टी आणि उभे पिलर सरळ असतील तर नुकसान वरच्या पत्र्यापुरतं असण्याची आशा आहे. ही पट्टी किंवा पिलर मुडपले असतील तर काम वेगळ्याच पातळीवर जातं.

पिलरचं काम हे ठोकून सरळ करण्याचं नाही. नव्या गाड्यांत मधल्या पिलरला बहुधा अतिमजबूत स्टील वापरलेलं असतं. ते तापवून सरळ केलं की दिसायला सरळ होतं, पण त्याची ताकद जाते, आणि गाडी उलटली तर डोक्यावरचं छत याच पिलरवर उभं राहायचं असतं. "गॅसने गरम करून ओढून देतो" म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका, तो कितीही स्वस्त असो.

टपाच्या दोन्ही कडांना, अस्तराच्या मागे, बऱ्याच गाड्यांत पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असतात. त्या उघडलेल्या नसल्या तरी दबलेल्या असू शकतात. स्कॅनर लावून एअरबॅग आणि बेल्टचे दोष तपासायला सांगा. काचेमागे कॅमेरा असलेली गाडी असेल तर नवी काच बसवल्यावर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, तो खर्च एस्टिमेटमध्ये आहे का बघा. सनरूफ असेल तर त्याच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या दबल्या आहेत का, तेही.

उलट बाजूही सांगायला हवी. रंग तडकलेला नसेल, पोचा पसरट असेल आणि कडेवर नसेल, तर आतून हळूहळू दाबून, रंग न लावता तो काढता येतो. खर्च बराच वाचतो आणि मूळ रंग टिकतो. नुसत्या फांद्यांचा मार बसलेल्या गाडीला पूर्ण रंगकाम सुचवलं जात असेल तर आधी हा पर्याय विचारा.

## टप्पा ९: दुरुस्त करायची की विकायची

इथे भावना येते, म्हणून आकडे लिहूनच ठरवा. झाड पडण्याआधी गाडीला बाजारात किती आले असते, ती १०० धरा. आता तीन आकडे काढा: आहे त्या स्थितीत विकली तर किती येतील, दुरुस्तीला किती लागतील, आणि दुरुस्तीनंतर तिची किंमत किती राहील. शेवटचा आकडा कधीच १०० नसतो. टप बदललेली गाडी जाणकार गिऱ्हाईक ओळखतो.

समजा दुरुस्तीनंतर किंमत ९० आणि आहे तशी विकली तर ३५. दुरुस्तीला ४५ लागत असतील तर ९० वजा ४५ म्हणजे ४५ उरले, हे ३५ पेक्षा जास्त, दुरुस्ती करा. दुरुस्तीला ६० लागत असतील तर उरले ३०, विकलेली बरी. हिशेब जिथे काठावर येतो तिथे एस्टिमेटमध्ये आणखी पंधरा-वीस टक्के धरून पुन्हा करा, कारण गाडी उघडल्यावर काम वाढतं, कमी सहसा होत नाही.

विक्रीसाठी आलेल्या पहिल्याच भंगारवाल्याला हो म्हणू नका. इंजिन, गिअरबॉक्स आणि टायर चांगले असतील तर त्याच मॉडेलच्या भागांवर जगणारे गॅरेजवाले जास्त देतात. विम्यातून टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही असं पूर्ण नुकसान, ठरत असेल तर गाडी ठेवून घेण्याचा पर्याय आहे का आणि त्यासाठी किती कापतील, हे विचारल्याशिवाय सही नको. विकताना नुकसान लेखी सांगून विका आणि नाव बदलल्याशिवाय गाडी ताब्यात देऊ नका.

## टप्पा १०: पैसे कमी असतील तर दुरुस्तीचा क्रम

सगळं एकदम करण्याची गरज नाही. पण तुकड्यातुकड्याने करायचं तर क्रम ठरलेला आहे: आधी जिवाचं, मग पाण्याचं, मग कायद्याचं, शेवटी दिसण्याचं. पिलर, टपाची चौकट, सीटबेल्ट, एअरबॅग, पुढची काच हे पहिलं. पुढची काच गोंदाने चिकटवलेली असते आणि टपाला आधार देते, त्यामुळे ती बसवल्यावर गोंद वाळायला जेवढा वेळ सांगतील तेवढा वेळ गाडी हलवू नका. मग गळती बंद करणं. मग दिवे, आरसे, वायपर, नंबरप्लेट. बॉनेटवरचा पोचा आणि रंगाचे चरे सहा महिने थांबू शकतात, फक्त उघड्या पत्र्यावर प्रायमर मारून घ्या, कारण गंज तुमची वाट पाहत नाही.

जुने भाग कुठे चालतात? दार, बॉनेट, डिकीचं झाकण, आरसा, दिवे हे चांगल्या अवस्थेत मिळाले तर खुशाल घ्या. त्याच रंगाचं दार मिळालं तर रंगाचाही खर्च वाचतो. एअरबॅग आणि सीटबेल्ट जुने घेऊ नका, इथे तडजोड नाही.

काम देताना तीन गोष्टी लिहून घ्या: उघडल्यावर जास्तीचं काम निघालं तर आधी फोटो, मग तुमची परवानगी, मगच काम, काढलेले भाग तुम्हाला परत, आणि शेवटचा हप्ता तपासणीनंतर. भरपाईची मागणी अजून चालू असेल तर काढलेले भाग टाकून देऊ नका.

गाडी ताब्यात घेण्याआधी: दिवसाच्या उजेडात जा. टपावर आणि काचेच्या कडांवर दहा मिनिटं पाण्याचा पाइप धरायला सांगा आणि तेवढा वेळ आत बसून अस्तराच्या कडा, पिलरचं कव्हर आणि पायाखालचा गालिचा हाताने चाचपत राहा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तो अजिबात लागतच नसेल तर दोष दुरुस्त न करता दिवा काढून टाकलेला असू शकतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग एका बाजूला ओढतं का, वेगात वाऱ्याची शीळ येते का, हे स्वतः चालवून बघा. टपाच्या नव्या रंगावर टिचकी मारत जा. आवाज एखाद्या पट्ट्यात अचानक बद्द झाला तर तिथे पुट्टीचा जाड थर भरलेला आहे, तो काही महिन्यांत तडकतो. पैसे देण्याआधी तो पट्टा त्यांना दाखवा आणि पुन्हा करून द्यायचं बिलावर लिहून घ्या.